एक्स्पोर्ट, लोकल, बेदाणा

पाच डाळी एकत्र कालवायला मला सात मिनिटं लागली. त्या वेगळ्या करायला किती वेळ लागला हे सांगता येणार नाही, कारण मी हे लिहितोय तेव्हाही काम चालूच आहे.

मी काही उगाच स्वयंपाकघरात लुडबुड करणारा माणूस नाही. चौतीस वर्षं मी सरकारी मोजणी खात्यात काढली. घोटीच्या भातखाचरांपासून दिंडोरीच्या द्राक्षबागांपर्यंत, जिथे जिथे दोन सख्खे भाऊ बांधावर उभे राहून एकमेकांचा उद्धार करत होते, तिथे तिथे मी साखळी टाकून हद्दी कायम केल्या. अशा माणसाला एका मुलीकडून मूग आणि मसूर वेगळे करून घेणं जड जाईल, असं मला वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसतं.

मुलगी म्हणजे माझी नात वेदिका, वय वर्षं चार. तिची आई वैष्णवी, म्हणजे माझी सून, अंबडच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. इतके दिवस तिचं बरंचसं काम घरून चालायचं. जानेवारीत कंपनीनं कळवलं की आता रोज येत जा. माझा मुलगा सुयश आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. तेव्हा दोघांनी ठरवलं की वेदिकाला रोहिणी मॅडमच्या बालशाळेत सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ठेवायचं. जेवण तिथे, झोपही तिथे.

मी म्हटलं, सकाळचे दोन तास शाळा ठीक आहे, बाकीचा दिवस ती माझ्याकडे राहील आणि मी तिला शिकवीन. यावर सुयशनं मी तिला सातबारा वाचायला शिकवणार का, असं विचारलं. बापाशी बोलायची ही पद्धत नव्हे, पण ते असो. शेवटी रोहिणी मॅडमनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, या वयात मुलं खेळातून शिकतात. घरी असे खेळ होत असतील तर दोन तासांची शाळा पुष्कळ झाली. महिन्याभरानं मी घरी येऊन वेदिकाला बघते, मग दोन तास की दहा तास ते ठरवू.

सगळ्यांना मी हे वेदिकाच्या भवितव्याच्या दृष्टीनं पटवून देत होतो. खरी गोष्ट अशी की मला तिच्या दुपारी हव्या होत्या. नोकरीत असताना दुपार जेवणाची सुट्टी आणि चहा यांच्या मधून कधी निघून जाते कळत नाही. निवृत्त झाल्यावर ती केवढी लांबलचक असते ते कळतं. वेदिका घरात असली की तीच दुपार मला पुरत नाही.

कामाला शिस्त हवी म्हणून मी शंभर पानी वही आणून तिचं मस्टर आखलं. तारीख, उपक्रम, उपस्थिती, शेरा, सही आणि हुद्दा. हुद्द्याच्या रकान्यात मी ‘पर्यवेक्षक’ असं लिहीत असे. पहिल्या दिवशी ‘रंगांची ओळख’ हा उपक्रम ठेवला. शेरा: विद्यार्थिनी पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी ‘एक ते दहा मणी मोजणे’. शेरा: विद्यार्थिनी पलंगाखाली, मणीही पलंगाखाली. तिसऱ्या दिवशीचा शेरा माझ्या बायकोनं, ललितानं, लिहिला, कारण पर्यवेक्षक पलंगाखाली अडकले होते.

मला बाहेर ओढायला शेजारच्या मोहिनीताई आल्या होत्या. मोहिनीताईंना मुलांच्या शिक्षणातलं सगळं कळतं, कारण त्या मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघतात. त्यांचा मुलगा या व्हिडिओंच्या कितीतरी आधी इंजिनियर होऊन जर्मनीला गेला, पण हे त्यांना बोलून दाखवण्याची सोय नाही. त्या म्हणाल्या, तुमचं चुकतं कुठे सांगू का, तुम्ही शिकवता. मुलांना हात घालायला काहीतरी द्या. वाटीवाटीभर डाळी घ्या, मिसळा आणि म्हणा, कर वेगळ्या. रंगही कळतात, आकारही कळतात आणि बोटांना वळण लागतं.

दुसऱ्या दिवशी ललिता हळदीकुंकवाला गेली आणि मी डबे काढले. मोहिनीताई वाटीवाटीभर म्हणाल्या होत्या हे मला मान्य आहे. पण आमच्या खात्याचा अनुभव असा की नमुना लहान घेतला की निष्कर्ष चुकतो. शिवाय वेदिकाचा अंघोळीचा जुना निळा टब रिकामाच पडला होता. उन्हाळ्यापर्यंत पुरावी म्हणून ललितानं ऊन दाखवून भरून ठेवलेली तूर, मूग, मसूर, उडीद आणि हरभरा अशा पाचही डाळी मी त्या टबमध्ये ओतल्या आणि कोपरापर्यंत हात घालून नीट एकजीव केल्या. वेदिका आली, टबमध्ये बसली, एक चमचा डाळीत पुरला आणि निघून गेली.

ललिता परत आली. तिनं टबमध्ये बघितलं. खुर्चीवर बसली. मग रवा आणि साखर अजून वेगवेगळी आहेत का एवढंच तिनं विचारलं. त्या दिवसापासून आमच्या घरी एकच वरण शिजू लागलं. त्यात मसूर विरघळून जायची आणि हरभऱ्याची डाळ दाताखाली यायची. रोज पहिला घास घेताना ललिता माझ्याकडे बघत असे आणि मी ताटाकडे.

मोहिनीताईंनी धीर सोडला नाही. टब उजेडात ठेवा, मुलांना मोकळं वाटतं, असं त्या म्हणाल्या, म्हणून मी तो गॅलरीत नेला. वेदिकाला मोकळं वाटलं की नाही माहीत नाही, इंदिरानगरातल्या कबुतरांना मात्र वाटलं. पहिल्या दिवशी चार आली, तिसऱ्या दिवशी मोजदाद सोडून द्यावी लागली. कबुतरं बघायला इमारतीतली मुलं येऊ लागली. मुलं आली म्हणून त्यांच्या आया आल्या. सोसायटीचे सेक्रेटरी दिनेश कापडणीस यांची पांढरी गाडी बरोबर आमच्या गॅलरीखाली उभी असते. ती पांढरीच राहिली, पण वेगळ्या कारणानं.

लागलीच नोटीस आली. सदनिका क्रमांक सहामध्ये विनापरवाना पक्षीखाद्य केंद्र तसेच शिकवणी वर्ग चालू असल्याचे निदर्शनास आले आहे. मी लेखी उत्तर दिलं, त्यावर जावक क्रमांक घातला आणि स्वतःच पोचही घेतली. त्यांनी स्थळपाहणी करू म्हणून कळवलं. मला तर बरंच वाटलं. स्थळपाहणीत माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

दिनेश कापडणीस मोबाईलनं फोटो काढू लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं. मोजणी म्हणजे मोजणी, म्हटलं, आणि माळ्यावरून टेप काढली. गॅलरी चारही बाजूंनी मोजली, कच्चा नकाशा काढला, उत्तर दिशा दाखवली आणि टब संपूर्णपणे माझ्याच हद्दीत असल्याचं निर्विवाद सिद्ध केलं. त्याच मोजणीत असंही सिद्ध झालं की आमची कुंड्यांची जाळी सोसायटीच्या सामाईक हद्दीत साडेतीन इंच बाहेर आहे आणि गेली अकरा वर्षं आहे. हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. नकाशावर माझीच सही होती. दिनेशनी तो अदबीनं घडी करून खिशात ठेवला आणि आता अतिक्रमणाची वेगळी नोटीस काढावी लागेल असं सांगितलं.

असं सगळं मनासारखं चाललेलं असताना विहीणबाई आल्या.

विहीणबाई म्हणजे वैष्णवीची आई, कुसाबाई. राहणार पिंपळगाव बसवंत. बावीस वर्षं त्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आहेत आणि आता साठ बायकांच्या वर सुपरवायझर आहेत. टेबलावर आलेला घड त्या देठाला धरून एकदा फिरवतात आणि हा कुठे जाणार ते सांगतात. बोटीनं परदेशी जाणारा एक्स्पोर्ट, इथल्या बाजारात जाणारा लोकल आणि वाळवायला जाणारा बेदाणा. यावर्षी ऐन हंगामात दोन पेट्यांची प्रत त्यांच्याकडून चुकली. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांनीच पेट्या परत फोडायला लावल्या, मालकाला सांगितलं की माझा डोळा मला फसवतोय, आणि मोतीबिंदू काढायला नाशिकला लेकीकडे निघून आल्या. मला तेव्हा हे ऐकून विशेष काही वाटलं नाही. चौतीस वर्षांत माझी एकही मोजणी कशी चुकली नाही हे मी त्यांना सांगत बसलो आणि त्या मान डोलवत ऐकत बसल्या.

ऑपरेशन झालं. काळा चष्मा लागला. वाकायचं नाही, धूळ नको, काम नको. सकाळी सहापासून उभं राहून काम करणाऱ्या बाईला पंधरा दिवस सोफ्यावर बसवलं म्हणजे काय होत असेल. दुसऱ्याच दुपारी त्या भिंत चाचपत गॅलरीच्या दाराशी आल्या, टबमध्ये हात घातला, मूठभर डाळ बोटांतून सोडली आणि विचारलं, हे काय हो व्याही. मी त्यांना उपक्रमाचं शैक्षणिक महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वेदिकाला हाक मारली.

“इकडं ये बाई. माझा डोळा बंद हाय. तू माझा डोळा हो.”

वेदिका पलंगाखालून बाहेर आली. त्या हॉलमध्ये ताठ बसल्या, परातीत डाळ घेतली आणि एकेक दाणा तिच्या हातात देऊन विचारू लागल्या, हा अख्खा हाय का गं, कोपरा तुटलाय का, किडा लागलाय का, मला दिसंना. आणि वेदिका एकेक दाणा उजेडाकडे धरून सांगू लागली. अख्खी डाळ एक्स्पोर्ट. तुटकी लोकल. अगदी बारीक चुरा बेदाणा. तीन ताटल्या झाल्या. पाऊण तास ती मुलगी जागची हलली नाही. मूग कुठला, मसूर कुठली हा प्रश्नच दोघींना पडला नाही.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. माझं मस्टर, माझे मणी, माझा इतक्या दिवसांचा उपक्रम, आणि इथे एका डोळ्याच्या बाईनं बसल्या जागी शाळा भरवली. शिवाय डाळी वेगळ्या झाल्याच नाहीत, ते वेगळंच. मी म्हटलं, विहीणबाई, अहो रंगानुसार करायच्या आहेत. त्या म्हणाल्या, “रंग कळंल की तिला. आधी कुटं जायाचं ते ठरवाया शिकू द्या.” पुढे त्या वेदिकाला बराच वेळ समजावून सांगत होत्या, पण ते ऐकायला मी थांबलो नाही. आत जाऊन मस्टरमध्ये ‘उपक्रमात बाह्य हस्तक्षेप’ असा शेरा लिहिला.

त्यानंतर वेदिकाला प्रतवारीचं वेडच लागलं. चमचे झाले, चपला झाल्या, माझे शर्ट झाले. ती वस्तू हातात घेई, कुसाबाईंसारखी एकदा फिरवी आणि जागेवर ठेवी. सांगायला नको होतं पण सांगतो, चमच्यांचा खण गेल्या तीस वर्षांत इतका नीट लागलेला नव्हता. मग तिनं माणसं घेतली. मोहिनीताई एक्स्पोर्ट. मोहिनीताईंनी ही बातमी स्वतः चारही मजल्यांवर पोचवली. ललिता लोकल. ती हसली आणि पिशवी घेऊन भाजीला गेली. दिनेश कापडणीस अतिक्रमणाची नोटीस घेऊन दारात आले, तेव्हा वेदिकानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शांतपणे लोकल म्हणून सांगितलं.

दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. पण दिनेशच्या मामांची ओझरला द्राक्षबाग आहे, त्यांना लोकल म्हणजे काय ते पक्कं ठाऊक. नोटीस हातातच राहिली. ते आत आले आणि कुसाबाईंना म्हणाले, मावशी, जरा परत बघायला सांगा ना. कुसाबाईंनी मान हलवली. “तिनं प्रत लावली. मी नाय मोडायची.” पुढच्या दोन दिवसांत दिनेश एकदा चॉकलेट घेऊन आले, एकदा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि एकदा त्यांनी गॅलरीची जाळी साडेतीन इंच म्हणजे काही फार नाही असंही सुचवून पाहिलं. प्रत बदलली नाही. चौतीस वर्षांच्या सेवेत इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नव्हतं.

मग एका दुपारी वेदिका माझ्यासमोर उभी राहिली. मी नकळत चष्मा सारखा केला. तिनं माझ्याकडे फार वेळ बघितलंच नाही. “आबा बेदाणा,” ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

मी हसलो. घरात सगळे हसले म्हणून मीही हसलो. पण बाथरूमच्या आरशात मी थोडा वेळ स्वतःकडे बघितलं. गळ्याशी सुरकुत्या होत्या, गालांवर होत्या. पोर काही खोटं बोलत नव्हतं. का बेदाणा, असं तिला विचारायची हिंमत मला झाली नाही. ललितानं रात्रीच्या खिरीत नेमके बेदाणे घातले आणि मी ते एकेक निवडून खाल्ले.

महिना भरला आणि रोहिणी मॅडम आल्या. वैष्णवीनं अर्धी रजा काढली होती. ललितानं पोहे केले. पिंपळगावहून आलेली द्राक्षं टेबलावर ठेवली होती. कुसाबाई काळा चष्मा लावून कोपऱ्यात बसल्या होत्या आणि मी मस्टर घेऊन खुर्चीच्या काठावर. मॅडमनी पिशवीतून लाकडी ठोकळे काढून सतरंजीवर पसरले. लाल, पिवळे, निळे, हिरवे. म्हणाल्या, वेदिका, यांचे गट कर बरं.

एवढं सोपं. चार रंग, चार गट. मी मनातल्या मनात ओरडत होतो, लाल इकडे, निळे तिकडे. वेदिकानं एकेक ठोकळा उचलला, त्याच्या कडांवरून बोट फिरवलं आणि दोनच गट केले. एका गटात सगळे रंग, दुसऱ्या गटातही सगळे रंग. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. वैष्णवीनं माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे, वाईट वाटून, आणि ते जास्त लागलं. आठ ते सहा, मी मनात म्हटलं. माझ्या दुपारी गेल्या.

याच सुमाराला उघड्या दारात दिनेश कापडणीस येऊन उभे राहिले. अंतिम नोटीस त्यांच्या हातात होती. मी त्यांना बसा म्हणून खूण केली. एकाच दिवशी सगळं होऊन जाऊ दे असं मला वाटलं.

मॅडमनी लिहिणं थांबवून विचारलं, हे असे दोनच गट का केलेस.

वेदिका म्हणाली, “हे बाळांकडे जातील. आणि यांचा कोपरा टोचतो, म्हणून हे मोठ्या मुलांकडे जातील.”

मॅडमनी दुसऱ्या गटातला एक ठोकळा घेऊन अंगठा फिरवला आणि पटकन हात मागे घेतला. मग दुसरा घेतला, मग तिसरा. प्रत्येकाची कड कुठे ना कुठे उडालेली होती. चार वर्षं हे ठोकळे वापरतेय, त्या म्हणाल्या, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. बोलता बोलता त्यांनी द्राक्षांकडे हात नेला आणि घड मुठीत धरला. वेदिकानं त्यांचा हात अलगद सोडवला आणि देठाला धरायला लावलं. नाहीतर द्राक्षाच्या मण्यावरची पांढरी पावडर पुसली जाते, असं तिनं सांगितलं. मॅडमनी देठाला धरलं. इतकी नम्र शिक्षिका मी पाहिलेली नाही.

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कुसाआजीनं. कुठं जायचं ते बघून ठेवायचं.”

मॅडमना आता गोडी लागली होती. त्यांनी विचारलं, माणसंपण लावतेस का अशी. वेदिकानं होकार दिला. मोहिनीताई एक्स्पोर्ट, कारण त्या विमानानं जर्मनीला जातात. मम्मी एक्स्पोर्ट, ती सकाळी लांब जाते, आणि पप्पा त्याहून लांब जातात. आजी लोकल, ती बाजारात जाते आणि येते. दिनेशकाका लोकल, ते कायम खाली-वर करत असतात. दिनेशचा चेहरा एकदम उजळला. दिवसभर सोसायटीतच असतो हो मी, ते पुटपुटले आणि त्यांनी नोटिशीची हळूच घडी घातली.

माझं नाव येऊ नये म्हणून मी पोह्यांची बशी पुढे केली. पण मॅडमनी विचारलंच. आणि आबा?

“आबा बेदाणा.”

“का गं?”

वेदिकाला या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. एवढं साधं या मोठ्या बाईला कळू नये. ती माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

“बेदाणा कुठेच जात नाही,” ती म्हणाली. “तो घरीच राहतो. माझ्यासाठी.”

 मी पोह्यांच्या बशीत बघत बसलो आणि मला शेंगदाणे धूसर दिसू लागले. कोपऱ्यातून कुसाबाई म्हणाल्या, “डोळा पुसू नका व्याही, डॉक्टरनं मला पुसू नका म्हणून सांगितलंय.” तेव्हा मला कळलं की त्यांना त्या काळ्या चष्म्यातून सगळं दिसत होतं आणि बहुधा पहिल्या दिवसापासून दिसत होतं. दाणे बघायला त्यांना वेदिकाची गरज नव्हती. असली मोजणी मला चौतीस वर्षांत एकदाही जमली नाही, हे मी त्यांना तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगितलं.

रोहिणी मॅडमनी शाळेचे दोनच तास लिहून दिले. जाताना त्यांनी ठोकळे प्रत लावलेले तसेच दोन वेगळ्या पिशव्यांत भरले आणि हंगाम संपल्यावर एक दिवस शाळेत याल का, असं कुसाबाईंना विचारलं. मी वेदिकाला हळूच म्हटलं, कुसाआजीची प्रत राहिली की. तिनं माझ्याकडे दयेनं बघितलं. “आजी माल नाही, आबा. आजी सुपरवायझर.”

कुसाबाई पिंपळगावला परत गेल्या. टब आता हॉलमध्ये आहे, कबुतरं दोन दिवस गॅलरीत वाट बघून गेली, आणि दिनेशची मुलगीही आता दुपारी येते. शाळेतून आल्यावर वेदिका जेवते आणि मग आम्ही डाळ निवडायला बसतो. तिला आता रंगही येतात. कसे आले मला माहीत नाही. मसूर जवळजवळ संपत आली आहे, तूर आणि हरभरा यांची हद्द अजून कायम व्हायची आहे. काम सावकाश चाललं आहे आणि माझी काही तक्रार नाही.

मस्टर मात्र मी चालू ठेवलं आहे. काल सही करताना हुद्द्याच्या रकान्याशी पेन थांबलं. मागच्या सगळ्या पानांवरचा ‘पर्यवेक्षक’ मी पट्टी लावून खोडला, प्रत्येक खाडाखोडीवर नियमाप्रमाणे छोटी सही केली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: बेदाणा.